धुऱ्यावरचे सर

आमच्या सरांना एकही खेळ धड येत नाही, असं त्यांच्यावर जळणारे लोक म्हणायचे. मला वाटतं, त्यात तथ्य असावं. पण सगळे खेळ त्यांना थोडे थोडे येत होते, आणि आमच्या तालुक्याच्या गावाला तेवढे पुरत होते.

कॉलेजात शारीरिक शिक्षणाला ते एकटेच. कबड्डी त्यांची, खो-खो त्यांचा, व्हॉलीबॉल, गोळाफेक, भालाफेक, मुलांची कुस्ती, सगळं त्यांच्याच गळ्यात. एका वर्षी बुद्धिबळाचा एक पोरगा पोंभुर्ण्याला खेळायला न्यायचा होता. डाव सुरू व्हायच्या आधी सरांनी त्याला मैदानाला चकरा मारायला लावल्या. "डोकं पायातूनच गरम होते बाबू," असं त्याला समजावत होते. पोरगा घामाघूम होऊन पटासमोर बसला आणि हरला. सर म्हणाले, "चकरा कमी पडल्या."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. चंद्रपुरातून गडचिरोली नुकतीच वेगळी निघाली होती आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आपण आता कोणत्या जिल्ह्यात, हे कोर्टकचेरीची वेळ आली तरच आठवायचं. कॉलेजही नवीन होतं. खेळायला येणाऱ्या मुली सात, फार तर आठ. त्यामुळे पावसाळा सरला की आम्ही कबड्डीची टीम, थंडीत खो-खोची आणि उन्हं तापायच्या आत व्हॉलीबॉलची. माणसं तीच. सर म्हणायचे, "खेळ एकच असते वो, नियम तेवढे बदलते."

ह्या तत्त्वज्ञानाचा निकाल भद्रावतीला लागला. तिथे बास्केटबॉलच्या स्पर्धा होत्या. आमच्या कॉलेजात बास्केट नव्हती, बॉलही नव्हता, तरी सरांनी आमचं नाव दिलं. एसटीत बसल्यावर त्यांनी नियम सांगायला घेतले, आणि अर्धे सांगून होतात तोच भद्रावती आली. सामना सुरू झाला. समोरची उंच मुलगी बॉल घेऊन जैनीच्या जवळून पळाली, आणि जैनीने खाली बसून तिचा घोटा धरला. जैनी जंगलातल्या गावची, गोंडाची पोर. तिने एकदा घोटा धरला की सुटण्याची सोय नव्हती. पंच शिट्टी वाजवून वाजवून थकले, पण जैनी सोडेना, कारण समोरची अजून मध्यरेषेकडे सरकत होती. परतताना आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो होतो. सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पकड मात्र लय सुरेख होती."

ते मूळचे सिरोंच्याकडचे. राग आला की तेलुगूत बोलायचे, त्यामुळे ते आपल्याला काय म्हणाले ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि त्यातच आमचं भलं होतं. व्यायाम घेतानाही ते तेलुगूत मोजायचे. ओकटी, रेंडू, मूडू. बुटके, काळेसावळे, कडक इस्त्रीची पांढरी हाफपँट, आणि गळ्यात अंबाडीच्या दोरीला बांधलेली शिट्टी. ती शिट्टी ते कुठेही वाजवायचे. चहाच्या टपरीवर एक लांब शिट्टी म्हणजे अर्धा कप. कुणाच्या लग्नात पंगत उठायला उशीर झाला, की सर शिट्टी मारायचे आणि पहिली पंगत हात न धुताच पळायची.

सामान म्हणाल तर एक व्हॉलीबॉल आणि एक गंजका गोळा. बाकी सगळं त्यांनी जंगलातून उभं केलं. भाले बांबूचे, उंच उडीची आडवी काठी बांबूची, आणि पलीकडे पडायला धानाच्या तणसीचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग. उडी मारली की अंगभर तणस टोचायची आणि घरी जाईपर्यंत खाज सुटायची. गाद्या मागवा म्हटलं तर म्हणायचे, "गादीवर पडाची सवय लागली तं उठाची सवय जाते."

आणि त्यांचा एक मंत्र होता: जागा रिकामी नाई ठेवाची. खो-खोत एखादी आली नाही तर तिच्या जागी ते कॉलेजच्या शिपायाला पाटीवर बसवायचे. पंच आले नाहीत तर रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला हाक मारून त्याच्या हातात शिट्टी द्यायचे. कॉलेजच्या एका संचालकांची शोकसभा होती. पहिल्या रांगेतली, त्यांचीच खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली, वर हार. सर आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हार अलगद उचलून मांडीवर घेतला आणि तिथेच बसले. प्राचार्य कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. त्यांच्या शोकसभेतही कुणीतरी अशीच एक खुर्ची रिकामी ठेवली होती. आम्ही जुन्या मुली मागे बसलो होतो. साऱ्यांचे केस पिकलेले, गुडघे धरलेले. जैनीने माझ्याकडे पाहिलं, उठली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली. मला तेव्हा हसूही आलं आणि रडूही.

सरांची एकच हौस होती. आपल्या कॉलेजची एक तरी टीम, कोणत्याही खेळाची का असेना, फायनलला गेलेली डोळ्यांनी बघायची. इतक्या वर्षांत इतक्या खेळांच्या टीमा नेल्या, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने परत. फायनलच्या दिवशी मैदानाला चुन्याच्या नव्या रेघा मारतात, एवढंच त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकलेलं होतं. "नव्या रेघा पाह्याच्या हाय मले," असं ते म्हणायचे, जसं एखादा काशीला जायचं म्हणतो.

मी त्यांच्या हाती लागले ती चिखलात.

कॉलेजात माझं नाव घातलं होतं, पण आषाढात कॉलेज कुणाला सुचतंय? बाप मी लहान असतानाच गेला होता. माय आणि मी मालकाच्या बांधीत रोवणीला होतो. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एकेक तुकडा, आणि तिच्या कडेचा उंच बांध म्हणजे धुरा. रोवणी उलट्या पावलांनी होते. वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोचायचे, एक पाऊल मागे, पुन्हा खोचायचे. मान वर केली तर धुऱ्यावर एक माणूस भिजत उभा, पांढरी हाफपँट घालून. आणि तो सरळ आमच्या पायांकडे बघत होता.

गावात ह्यावरून बरंच बोलणं झालं होतं, हे मला नंतर कळलं. दर पावसाळ्यात हा मास्तर धुऱ्याधुऱ्याने हिंडतो आणि पोरीबाळींचे पाय बघतो, अशी तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली होती. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, तर सर म्हणाले, "हाव, पाह्यतो. पाय नाई पाह्याचे तं काय तोंड पाह्याचं?"

आमच्याकडे रोवणी चालू असताना परका माणूस धुऱ्यावर आला, की बाया त्याच्या पायांना चिखल फासतात आणि पानसुपारीचं काही काढल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. माय पुढे झाली आणि तिने सरांची हाफपँटही रंगवली. सर हलले नाहीत. खिशातून फुटाण्याची पुडी काढून त्यांनी मायच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"हे पोट्टी कोणाची बाई?"

"माही. काऊन?"

"मागं जाताना हिचा पाय फसत नाई. बाकीच्याईचा फसते. कबड्डीत पोट्ट्या मागं फिरतानीच सापडते."

"आमाले नाई खेळाची कबड्डी," माय म्हणाली. "विहारात आमाले शिका म्हून सांगतलं हाय. खेळा म्हून कोणी नाई सांगतलं."

सर म्हणाले, "मंग शिकूनच राह्यली म्हणा. मी कॉलेजातलाच हावो."

माय निरक्षर होती, पण फसणारी नव्हती. तरी कॉलेजच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं तिला जड गेलं. अशी मी मैदानावर आले, आणि मायने ते बरेच दिवस मनातून मान्य केलं नाही. घरी उशीर झाला की ती माझ्याशी न बोलता माझं ताट वाढायची. तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. तिने मला शाळेत घालण्यासाठी काय काय सोसलं होतं, ते मी पाहिलं होतं. त्या शिक्षणातला वेळ काढून मी कुणाचे तरी घोटे धरत होते.

गाडी अडली ती दुसऱ्या वर्षीच्या कापणीवर. चंद्रपूरच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा आणि मालकाच्या धानाची कापणी नेमकी एकाच वेळी आली. कापणी बायांच्या टोळीने बोलीवर घेतलेली होती. त्यात माय आणि मी, अशा आम्ही दोघी धरलेल्या. मी गेले नाही तर माझ्या जागी दुसरी बाई येणार आणि ती मळणी संपेपर्यंत तिथेच राहणार. मजुरी धानातच मिळायची आणि त्याच धानावर आमचं वर्ष निघायचं. उलट टीममध्ये आम्ही मोजून सात. मी गेले नाही तर टीमच जाणार नव्हती.

सर आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. माय सुपाने तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"तीन दिवसाचाच सवाल हाय बाई."

"तीन दिवसानं जागा जाते गुरुजी. जागा गेली का परत नाई भेटत. खेळून पोट भरते का?" मग सूप खाली ठेवून ती चिडून म्हणाली, "येवढंच असन तं तुमी या कापाले, तिच्या जाग्यावर!"

कुणीही समजलं असतं की हा नकार आहे. सर मात्र विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, "विळा तुमी द्यान का मी आणू?"

आम्ही ते हसण्यावारी नेलं. जायच्या दिवशी सकाळी सर स्टँडवर आले, आम्हाला एसटीत बसवलं आणि ग्रंथालयाच्या मॅडमना आमच्याबरोबर दिलं. मॅडमना कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. गाडी सुरू झाली तरी सर खालीच उभे. मी खिडकीतून ओरडले, "सर, तुमी?"

"मी तुह्या जाग्यावर चाललो," ते म्हणाले. तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या कमरेला विळा खोवलेला होता.

पुढचं मायने सांगितलेलं. जन्मभर सांगितलं, आणि दर वेळी त्यात थोडा मीठमसाला जास्त पडला, पण मूळ गोष्ट खरी होती, कारण टोळीतल्या साऱ्या बाया तिला दुजोरा द्यायच्या.

सरांना कापता येत नव्हतं. ते डावरे, त्यामुळे शेजारच्या बाईच्या विळ्याशी त्यांचा विळा भिडायचा. मायने त्यांना ओळीच्या टोकाला लावलं. पहिल्याच दिवशी बोट कापलं. मायने लुगड्याची चिंधी फाडून बांधली. थोड्या वेळाने त्यांनी शिट्टी वाजवली. बाया दचकून उभ्या राहिल्या. "दम घ्या," सर म्हणाले, आणि साऱ्यांना हात वर करून कंबर मागे वाकवायला लावली. ओकटी, रेंडू, मूडू. बाया हसून हसून लोळल्या, पण दुपारनंतर शिट्टीची वाट बघू लागल्या. एक म्हातारी मायला म्हणाली, "जनम गेला वो कापण्यात, पर दम घे म्हून मले कोणी पह्यल्यांदाच म्हणलं."

मालक फटफटीवर आला. कॉलेजचा माणूस आपल्या शेतात मजुरी करतोय, हे बघून त्यालाच शरम वाटली. "सर, लोकं काय म्हणतीन? प्रोफेसर माणूस तुमी."

"आता मी ह्या बाईच्या पोरीच्या जाग्यावर हावो," सर म्हणाले. "प्रोफेसर पायजे असन तं सांजच्याले भेटा." आणि ते पुन्हा वाकले.

इकडे चंद्रपूरला आम्ही पहिला सामना जिंकलो, मग दुसरा, मग उपांत्य. आमचा आमच्यावरच विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सांजेला आमच्या रस्त्याची एसटी शेताजवळच्या फाट्यावर थांबली आणि कंडक्टर दारातून ओरडला, "सर, पोट्ट्या फायनलले गेल्या तुमच्या!"

माय सांगायची, सरांनी विळा खाली ठेवला आणि ते धुऱ्यावर जाऊन बसले. बायांनीही काम थांबवलं. सरांची हौस गावात कुणाला माहीत नव्हती?

शेवटी मायच त्यांच्याजवळ गेली. "जा गुरुजी. सकायची गाडी हाय. एक दिवस मी पाह्यतो कसं तरी."

"कसं पाह्यता? दोन हातानं चार हाताचं काम करता?"

"ते माहं मी पाहीन. तुमी जा."

"नाई बाई." सर उठले. "तिच्या जाग्यावर मी हावो, म्हून ते तिथी हाय. मी इथून निंगलो तं तिले तिथी कोणत्या तोंडानं उभी ठेवू?"

माय म्हणायची, तोपर्यंत तिला तो माणूस अर्धवट वाटत होता. त्या घडीला पहिल्यांदा तिला वाटलं, ह्या खेळात काहीतरी असलं पाहिजे.

फायनल आम्ही हरलो. शेवटची चढाई माझी होती. बरोबरी व्हायला एक गुण हवा होता आणि त्यांच्या सातही जणी मैदानात होत्या. मी एकीला हात लावला आणि मागे फिरले. उलट्या पावलांनी, रोवणीसारखीच. मध्यरेषा हाताच्या अंतरावर असताना त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलीने माझा पाय धरला, आणि तिथेच माझा दम गेला. मैदानाच्या रेघा खरंच नव्या मारलेल्या होत्या. माझा हात रेघेवर पडला तो दम गेल्यानंतर; तळहाताला तो पांढरा चुना लागला होता आणि मी तो परतीच्या एसटीतही पुसला नाही.

फाट्यावर आम्ही साऱ्याच उतरलो, मॅडमसकट. उन्हं कलली होती. कापणी आटोपली होती आणि बाया खळ्याच्या कडेला बसल्या होत्या. मळणीसाठी खळं नुकतंच सारवून ठेवलं होतं. सर उठून आले. त्यांच्या हाफपँटीचा मूळ रंग कोणता, हे सांगता आलं नसतं. दोन बोटांना चिंध्या. त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि निकाल विचारलाच नाही.

"लागलं का कोणाले?"

"नाई."

"कुठी सापडली?"

मी तळहात दाखवला. त्यांनी त्यावरचा चुना बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "दाखव मले."

मॅडमनी सँडल काढून बाजूला ठेवल्या. खळ्यावर पायताण घालून जात नाहीत. आम्ही तर अनवाणीच होतो. सरांनी विळ्याच्या मुठीने मधोमध रेघ ओढली. मी चढाई करणार, बाकीच्या सहा जणी समोरच्या टीमच्या जागा घेणार. ज्या त्या आपापल्या ठिकाणी जाऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यातली, मला धरणारीची जागा तेवढी उरली.

सरांनी त्या जागेकडे पाहिलं, मग खळ्याच्या कडेला पाहिलं. "बाई," ते मायला म्हणाले, "जागा रिकामी नाई ठेवाची."

बाया खिदळायला लागल्या. मायने एकदा त्यांच्याकडे डोळे वटारले. मग पदर कमरेला घट्ट खोचून ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. जैनीने तिला दाखवलं, कधी वाकायचं, कुठे धरायचं. मायने मान हलवली.

सरांनी शिट्टी मारली. मी दम घेतला आणि कबड्डी-कबड्डी म्हणत आत गेले. ठरल्याप्रमाणे एकीला हात लावला. ठरल्याप्रमाणे मागे फिरले. माय वाकली. तिचा हात माझ्या घोट्यावर पडला, आणि तो हात मला ठाऊक होता. त्या हाताने धरलं असतं तर जैनीलाही ती पकड सोडवता आली नसती.

मायने हात उचलला आणि ती बाजूला झाली. मी रेघेपार जाऊन पडले.

"हे खेळात बसत नाई बाई," सर म्हणाले. "तुमाले धराचं होतं तिले."

"धराले येते मले," माय म्हणाली. तिला धाप लागली होती. "वरीसभर तेच केलं. आता नाई धरत."

सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रेघेकडे. मग चिंधी बांधलेल्या हाताने शिट्टी तोंडाला लावली आणि लांब वाजवली. ती मध्येच फुटली. त्यांनी हात आमच्या बाजूला केला. गुण आम्हाला दिला होता.

माय कमरेचा पदर सोडत खळ्याबाहेर आली आणि हात झटकून म्हणाली, "गुरुजी, पुढच्या बारीची म्याच कवा हाय ते मले आधी सांगत जा. कापणीची बोली मी तशी करतो."